मुदतीचा ताप आणि त्याचा जंतू

विषमज्वराला मराठीत ‘मुदतीचा ताप’ आणि हिंदीत ‘मियादी बुखार’ ही नावे पडली, ती या रोगाच्या एका ठळक लक्षणावरून. हा ताप पायरीपायरीने चढतो, तीन-चार आठवडे मुक्काम करतो आणि मुदत भरल्यावरच उतरतो. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वी तो मध्येच उतरवण्याचा खात्रीचा उपाय कोणाच्याही हाती नव्हता. रोग्याला अंथरुणावर निजवून ठेवायचे, पातळ अन्न द्यायचे आणि दिवस मोजायचे, एवढेच घरच्या माणसांना करता येई. तिसरा आठवडा विशेष धोक्याचा मानला जाई आणि तो तसा असेही.

हे दिवस मोजले जात ते ताप आल्यापासून. वास्तविक जंतूंनी शरीरात प्रवेश करून त्याआधीच एक ते दोन आठवडे उलटलेले असतात. या अवधीला वैद्यकशास्त्रात परिपाककाल म्हणतात. पटकीत तो काही तासांचा किंवा फार तर पाच दिवसांचा असतो. विषमज्वरात मात्र माणूस आठ-दहा दिवस आपल्या कामावर जात असतो, जेवत असतो, झोपत असतो. आणि त्याच वेळी त्याच्या यकृतात, प्लीहेत आणि अस्थिमज्जेत जंतूंची संख्या वाढत असते. बाहेरून आलेल्या कोणत्याही जंतूला ओळखून त्याचा नाश करण्याची चोख व्यवस्था शरीरात असताना या एका जंतूचा तिला इतके दिवस पत्ता लागू नये, हे कसे घडते?

विषमज्वराचा जंतू प्रथम पाहिला तो जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कार्ल एबर्थ यांनी, १८८० साली. या रोगाने मरण पावलेल्या माणसांच्या प्लीहेत व लसिका ग्रंथींत त्यांना आखूड दांडीच्या आकाराचे जंतू आढळले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांचे सहकारी गेओर्ग गाफ्की यांनी ते शरीराबाहेर वेगळे वाढवून दाखवले. पुढल्याच वर्षी अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी डुकरांच्या एका साथीत तशाच प्रकारचा जंतू शोधून काढला. स्मिथ ज्यांच्या हाताखाली काम करत होते, त्या डॅनियल सॅमन या पशुवैद्यांच्या नावावरून पुढे या सर्व जंतूंच्या गणाला ‘साल्मोनेला’ हे नाव मिळाले. डुकरांचा तो रोग साल्मोनेलामुळे होत नसून एका विषाणूमुळे होतो, हे नंतर सिद्ध झाले. अशा रीतीने या गणाला ज्यांचे नाव मिळाले त्यांनी तो शोधला नव्हता, आणि ज्या रोगात तो सापडला त्याचे तो कारणही नव्हता. शास्त्रीय नामकरणात अशा गमती अधूनमधून होतात.

साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक उपप्रकार आज ज्ञात आहेत. त्यांपैकी बहुतेक पशुपक्ष्यांच्या आतड्यांत राहतात, आणि अंडी, मांस किंवा दूध यांतून माणसाच्या पोटात गेल्यास जुलाब, उलट्या व थोडा ताप उत्पन्न करतात. ‘टायफिम्युरियम’ हा त्यांतला सर्वांत अभ्यासलेला उपप्रकार होय. विषमज्वराचा जंतू, म्हणजे ‘टायफी’, याची तऱ्हा वेगळी आहे. त्याला माणसावाचून दुसरे घर नाही. गाई, कोंबड्या, उंदीर यांपैकी कोणाच्याही शरीरात तो टिकाव धरत नाही. म्हणून विषमज्वराचा प्रत्येक रोगी हा दुसऱ्या कोणा माणसाच्या विष्ठेतून, क्वचित मूत्रातून, पाण्यात किंवा अन्नात उतरलेल्या जंतूंमुळेच आजारी पडलेला असतो.

असे किती जंतू पोटात गेले म्हणजे रोग होतो? या प्रश्नाचे उत्तर १९६० च्या दशकात अमेरिकेतील मेरिलंड येथे स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांतून मिळाले. हे स्वयंसेवक तुरुंगातले कैदी होते. तुरुंगात दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय, ही शंका पुढे घेतली गेली आणि ती रास्त होती. त्यांना दुधातून मोजून जंतू देण्यात आले. एक हजार जंतू घेतलेल्या १४ जणांपैकी कोणालाही ताप आला नाही. एक लाख जंतूंनी सुमारे एक चतुर्थांश लोक आजारी पडले, एक कोटींनी निम्मे, आणि शंभर कोटींनी शेकडा ९५. मात्रा जितकी मोठी तितका परिपाककालही आखूड झाला. निरोगी माणसाच्या जठरातील आम्लात बहुसंख्य जंतू मरून जातात, हे या आकड्यांच्या मागचे एक कारण होय. ज्यांच्या जठरात आम्ल कमी पाझरते किंवा जे आम्लनाशक औषधे घेतात, त्यांना थोडे जंतूही पुरतात. उरलेले जंतू मात्र सौम्य आम्लाशी परिचय होताच आपल्या आत संरक्षक प्रथिने तयार करतात आणि पुढील तीव्र आम्ल सहन करतात.

जठर ओलांडून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोचलेल्या जंतूपुढे आतड्याच्या अस्तराची भिंत उभी असते. या भागात जागोजाग लसिका पेशींचे पुंजके असतात. योहान कोनराड पेयर या स्विस वैद्याने १६७७ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना पेयरचे पट्टे म्हणतात. या पट्ट्यांवरील अस्तरात काही विशेष पेशी आहेत. आतड्यातील पदार्थांचे व जंतूंचे थोडे थोडे नमुने घेऊन ते खालच्या संरक्षक पेशींपुढे तपासणीसाठी ठेवणे, हे त्यांचे काम. म्हणजे शरीराने येथे पहाऱ्याची चौकीच बसवली आहे. साल्मोनेला आत शिरतो तो मुख्यतः या चौकीच्या दारातून.

तो केवळ आत ओढला जाण्याची वाट पाहत नाही. १९६७ मध्ये अकिओ ताकेउची यांनी टायफिम्युरियमने ग्रासलेल्या गिनीपिगच्या आतड्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी केली, तेव्हा त्यांना एक विलक्षण दृश्य दिसले. जंतू अस्तराच्या पेशीजवळ आला की पेशीवरील केसासारखे सूक्ष्म अंकुर तेथे विरघळल्यासारखे होतात, पेशीचा पृष्ठभाग खळबळून वर येतो आणि जंतूला वेढून आत घेतो. पेशी जणू आपण होऊन पाहुण्याला घरात ओढत होती. या गूढाचा उलगडा होण्यास वीस-तीस वर्षे लागली. १९८९ मध्ये होर्हे गलान व रॉय कर्टिस यांनी या प्रवेशासाठी लागणारी जनुके शोधली, आणि १९९८ मध्ये त्या जनुकांपासून बनणाऱ्या यंत्राचे प्रत्यक्ष चित्र मिळाले. जंतूच्या आवरणात रोवलेली पोकळ सुई असे त्याचे रूप आहे. या सुईतून जंतू आपली प्रथिने थेट पेशीच्या आत टोचतो.

या प्रथिनांचे काम विध्वंसाचे नाही, आणि हीच ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. प्रत्येक पेशीत तिचा आकार राखणारा व बदलणारा तंतूंचा एक सांगाडा असतो, आणि तो केव्हा हलवायचा हे ठरवणाऱ्या काही कळा असतात. जंतूची प्रथिने नेमक्या याच कळा दाबतात. त्यासरशी सांगाडा हलतो, पृष्ठभागाला लाटा येतात आणि जंतू आत जातो. तो आत गेल्यावर सुईतूनच आलेले आणखी एक प्रथिन त्या कळा पुन्हा पूर्वस्थितीत आणते आणि पेशी पूर्ववत दिसू लागते. घरात शिरलेल्या चोराने दार होते तसे लोटून ठेवावे, तशातला हा प्रकार होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. टायफी उंदरात रोग उत्पन्न करत नसल्याने वर सांगितलेले आणि पुढे सांगावयाचे बहुतेक प्रयोग टायफिम्युरियमवर झाले आहेत. उंदरांना त्यापासून विषमज्वरासारखाच रोग होतो. सुया व त्यांची जनुके दोन्ही जंतूंत आहेत. दोघांत जेथे भेद आहे, तेथेच विषमज्वराचे वैशिष्ट्य आहे. त्याकडे लवकरच वळावयाचे आहे.

अस्तराच्या पलीकडे भक्षकपेशी वाट पाहत असतात. परक्या जंतूला गिळून पचवणाऱ्या या पेशींचे कार्य इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८० च्या दशकात दाखवून दिले. भक्षकपेशीने गिळलेला जंतू तिच्या आत एका पिशवीत बंद होतो. पिशवीत आम्ल सोडले जाते, ऑक्सिजनपासून बनलेली जहाल रसायने ओतली जातात, आणि अखेर पाचक रसांनी भरलेल्या दुसऱ्या पिशव्या तिला येऊन मिळतात. सामान्य जंतूचा तेथे काही वेळातच निकाल लागतो. साल्मोनेला तेथे राहतो आणि वाढतो. १९८६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी भक्षकपेशीत तग धरू न शकणारे साल्मोनेलाचे वाण निवडून काढून ते उंदरांना टोचले. त्या वाणांना उंदरांत रोग उत्पन्न करता आला नाही. भक्षकपेशीच्या आत जगण्याची कला हीच या जंतूची रोगकारक शक्ती होय, हे त्यावरून स्पष्ट झाले.

ही कला कशी साधते? पिशवीत आम्ल वाढू लागले, की जंतूच्या आवरणातील एक प्रथिन ते ओळखते आणि आपल्या जोडीदार प्रथिनाकरवी अनेक जनुके जागी करते. भक्षकपेशी ज्याला शस्त्र समजते, ते जंतूला आपण योग्य ठिकाणी पोचल्याची सूचना देते. जागी झालेली काही जनुके जंतूच्या बाह्य आवरणाची घडण बदलतात. त्यामुळे आवरणाला भोके पाडणारी शरीराची प्रथिने निष्प्रभ होतात. याच सुमारास सुयांचा एक दुसरा संच तयार होतो. पहिला संच घरात शिरण्यासाठी होता, हा घरात राहण्यासाठी. त्यातून पिशवीच्या भिंतीपार गेलेली प्रथिने पेशीच्या अंतर्गत वाहतुकीत ढवळाढवळ करतात. जहाल रसायने बनवणारी यंत्रणा पिशवीपर्यंत पोचत नाही, पाचक रसांचा मारा बोथट होतो, आणि पेशीतील पोषक द्रव्ये मात्र पिशवीकडे वळवली जातात. रक्तातील प्रतिपिंडे पेशीच्या आत जाऊ शकत नसल्याने त्यांचे येथे काही चालत नाही. शिवाय भक्षकपेशी ही फिरती पेशी आहे. ज्या पहारेकऱ्याने चोराला पकडायचे, तोच त्याला खांद्यावर घेऊन यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथे पोचवतो.

एवढे झाले तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. काही जंतू पेशींबाहेरही असणार, काही पेशी मरणार. मग शरीरात गजर का होत नाही? टायफिम्युरियम माणसाच्या पोटात गेला तर तो होतो, आणि तोही मोठा. बहुधा एक-दोन दिवसांतच आतड्याला सूज येते, श्वेतपेशींचे लोंढे तेथे धावतात आणि जुलाब सुरू होतात. या गजराचाही तो जंतू फायदा उठवतो. सुजेत निर्माण होणाऱ्या जहाल रसायनांमुळे आतड्यातील गंधकयुक्त पदार्थापासून टेट्राथायोनेट नावाचे संयुग बनते. ते श्वसनासाठी वापरण्याची सोय साल्मोनेलाजवळ आहे. आतड्यातील इतर बहुसंख्य जंतूंजवळ ती नाही. साहजिकच सूज आलेल्या आतड्यात तो इतरांना मागे टाकतो आणि जुलाबांबरोबर मुबलक प्रमाणात बाहेर पडून नवे आश्रय शोधतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१० मध्ये हे दाखवून दिले.

टायफीने याच्या नेमका उलट मार्ग धरला आहे. जंतूच्या बाह्य आवरणातील मेद आणि शर्करा यांचे एक संयुग आणि त्याच्या पोहण्याच्या शेपट्यांतील प्रथिन, या दोन खुणांवरून शरीर अशा जंतूंना ओळखते. १९३४ मध्ये लंडन येथे फेलिक्स व पिट यांना टायफीवर एक अधिक वेष्टन आढळले. जंतूच्या जहालपणाशी त्याचा संबंध असावा, म्हणून त्याला ‘व्ही-आय’ प्रतिजन असे नाव देण्यात आले. हे शर्करेचे वेष्टन पहिल्या खुणेवर पांघरुणासारखे पसरते. रक्तातील जंतुनाशक प्रथिनांना जंतूवर नीट चिकटता येत नाही आणि संरक्षक पेशींना त्याची ओळख पटत नाही. आतड्याच्या पोकळीत असताना, जेथे क्षारांचे प्रमाण अधिक असते, जंतू हे पांघरूण घेत नाही. तेथे त्याला पोहायचे असते, पेशींत सुया टोचायच्या असतात. अस्तर ओलांडून ऊतीत शिरताच एकच नियंत्रक प्रथिन वेष्टनाचे काम सुरू करते आणि शेपट्या व प्रवेशाच्या सुया यांचे काम थांबवते. दोन्ही खुणा एकाच वेळी लपतात. परिपाककालातील त्या आठ-दहा दिवसांच्या शांततेचे रहस्य बऱ्याच अंशी येथे आहे.

२००१ मध्ये टायफीच्या संपूर्ण जनुकसंचाची मांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातील दोनशेहून अधिक जनुके मोडून निकामी झालेली आढळली. नाना प्राण्यांच्या आतड्यांत राहणाऱ्या पूर्वजाला लागणारी बरीच सामग्री या जंतूने टाकून दिली आहे. फक्त माणसाच्या शरीरात, आणि तेही आवाज न करता राहायचे असेल, तर तिची गरज नसावी.

अखेर संख्या इतकी वाढते की जंतू पेशींबाहेर पडून पुन्हा रक्तात येतात. आता ताप सुरू होतो. पण या अवस्थेतही रक्तात जंतू विरळच असतात. एका मिलिलिटरमध्ये कित्येकदा एखादाच. रक्ताचा थोडासा नमुना घेऊन जंतू वाढवण्याचा प्रयत्न केला, तर तो अनेकदा फसतो तो यामुळे. अस्थिमज्जेत ते अधिक संख्येने सापडतात, परंतु हाडात सुई घालण्यास रोगी सहसा राजी नसतो. मग आधार घेतला जातो तो फेर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये प्रचारात आणलेल्या परीक्षेचा. भारतातील लहानमोठ्या गावांतून ती आजही सर्रास केली जाते. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. आणि जेथे विषमज्वर नेहमीचाच आहे तेथे अनेक निरोगी माणसांच्या रक्तातही ती असतात. एकाच नमुन्यावरून केलेल्या विडाल परीक्षेवर विसंबून किती हिवतापाच्या आणि इतर तापांच्या रोग्यांना विषमज्वराची औषधे दिली गेली असतील, याची मोजदाद होणे कठीण.

यकृतातून पित्तमार्गे जंतू पुन्हा आतड्यात उतरतात आणि पेयरच्या पट्ट्यांवर दुसऱ्यांदा पोचतात. या वेळी तेथील पेशी सावध असतात. तीव्र प्रतिक्रिया होते, पट्टे सुजतात, झडतात, त्यांच्या जागी व्रण पडतात. तिसऱ्या आठवड्यात रक्तस्राव होण्याची किंवा आतड्याला भोक पडण्याची भीती असते ती यामुळे. घरातली मोठी माणसे तिसऱ्या आठवड्यात रोग्याला जड अन्न देऊ नये म्हणून जपत. त्या भीतीमागे असा शारीरिक आधार होता.

बऱ्या झालेल्या रोग्यांपैकी शेकडा एक ते पाच जणांच्या शरीरात जंतू कायमचे राहतात. त्यांचे ठाणे पित्ताशयात असते. पित्त इतर बहुतेक जंतूंना मारक आहे. साल्मोनेलाला ते सोसते. पित्ताशयात खडे असतील तर त्यांच्यावर जंतू चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषधही नीट पोचत नाही. मेक्सिको शहरातील रोगवाहकांच्या पित्ताशयातून काढलेल्या खड्यांवर असे थर प्रत्यक्ष पाहण्यात आले आहेत.

रोगवाहकाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मेरी मॅलन या आयर्लंडहून अमेरिकेत आलेल्या स्वयंपाकिणीचे आहे. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे येथील एका घरातील ११ माणसांपैकी सहा जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर या स्वच्छता-अभियंत्याने माग काढला, तेव्हा ही बाई पूर्वी जेथे जेथे नोकरीस होती त्या बहुतेक घरांत हाच ताप येऊन गेल्याचे आढळले. शिजवलेल्या अन्नातील जंतू मरतात. सोपर यांचा संशय तिने केलेल्या, ताजी फळे घातलेल्या आइस्क्रीमवर होता. मेरी स्वतः ठणठणीत होती. आपल्या पोटात रोग आहे हे तिला कधी पटले नाही, आणि त्या काळी ते कोणालाही पटणे अवघडच होते. १९०७ मध्ये तिला एका बेटावरील इस्पितळात ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाकाची नोकरी करणार नाही या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली. परंतु दुसरे काम तितके वेतन देत नव्हते. १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात २५ जणांना विषमज्वर होऊन दोघे दगावले, तेव्हा तेथील स्वयंपाकीण नाव बदललेली मेरीच निघाली. त्यानंतर १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती बेटावर अडकून राहिली. न्यूयॉर्कमध्ये पुढे असे कित्येक रोगवाहक सापडले. इतका दीर्घ बंदिवास तिच्याच वाट्याला आला.

१९४८ मध्ये क्वालालंपूर येथे क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध विषमज्वरावर गुणकारी असल्याचे आढळले आणि ‘मुदतीचा ताप’ या नावातली मुदतच गेली. काही दिवसांत ताप उतरू लागला. हे औषध पेशीच्या आत पोचत असे, हा त्याचा मोठा गुण. तरीही बऱ्याच रोग्यांत ताप उलटे, कारण पेशींत दडलेल्या साऱ्याच जंतूंचा त्याने निःपात होत नसे. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि केरळातील कालिकत येथे या औषधाला दाद न देणारे जंतू आढळले. तो गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हेही कालिकतच्या अभ्यासात दिसून आले. १९८० च्या दशकाअखेर क्लोरॅम्फेनिकॉलसह तीन जुनी औषधे अनेक ठिकाणी निरुपयोगी ठरली, त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिनची धार गेली, आणि २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात पसरलेल्या जंतूंवर तर मोजकीच औषधे चालतात.

त्यामुळे लसीचे महत्त्व वाढले आहे. ॲल्मरॉथ राइट यांनी १८९६ मध्ये मारलेल्या जंतूंची लस तयार केली. प्लेग आयोगाचे सभासद म्हणून १८९८ मध्ये भारतात आले असता त्यांनी येथील काही गोऱ्या सैनिकांना ती टोचली. ती आणि तिच्या वंशातील लसी उपयोगी होत्या, पण त्यांनी दंड सुजे व ताप येई. नव्या लसींनी जंतूचे पांघरूणच त्याच्यावर उलटवले आहे. शुद्ध ‘व्ही-आय’ शर्करा टोचली की तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि पेशीत शिरण्यापूर्वीच्या किंवा रक्तातून जातानाच्या थोड्या अवधीत ती जंतूला गाठतात. कोलकात्याच्या वस्त्यांत २००४ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत अशा लसीने शेकडा ६१ इतके संरक्षण दिले. मात्र दोन वर्षांखालील बालकांचे शरीर नुसत्या शर्करेची दखल घेत नाही. म्हणून ती शर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला जोडण्यात आली. हैदराबाद येथे तयार झालेल्या या जोडलसीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली, आणि २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली.

ही लस ज्या वेष्टनावर नेम धरते, ते पॅराटायफी-ए या टायफीच्या भाऊबंदाजवळ नाही. त्याच्यापासून होणारा ताप लक्षणांवरून विषमज्वरापासून वेगळा ओळखता येत नाही, भारतात तो दुर्मीळ नाही, आणि तो त्याच पाण्यातून येतो. लस टोचलेल्या मुलाला असा ताप आला, तर जंतू कोणता हे रक्तातून तो वाढवून पाहिल्यावरच कळते.